आधी कुणी हात लावला होता?

कंप्युटर बिघडल्याचा निरोप गेला की आप्पा दहा मिनिटांत हजर. चपला उंबऱ्याबाहेर काढता काढताच पहिला प्रश्न येतो, "माझ्याआधी कुणी हात लावला होता?"

आपण म्हणायचं, नाही. खरं तर मी दोनदा बंद-चालू करून पाहिलेलं असतं, मुलानं एकदा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकदा. पण ते कबूल केलं की पुढचं सगळं खापर आपल्या डोक्यावर, हे आमच्या उमेळ्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. "मग ठीक," म्हणत आप्पा सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढतात. पिवळ्या मुठीचा, टोक झिजलेला. टेस्टर हा वीज आहे की नाही ते बघायला असतो, ही गोष्ट त्यांच्या टेस्टरला कुणी सांगितलेली नसावी. तो स्क्रू काढतो, झाकणं उचकटतो, पंख्यातली धूळ खरवडतो आणि आप्पा विचारात पडले की त्यांचा कानही खाजवतो.

नायगाव स्टेशनाहून पापडीकडे यायला लागलं की आमचं गाव लागतं. असे आप्पा फक्त आमच्याकडेच आहेत असा आमचा दावा नाही. गावागणिक एक असतोच; ग्रामपंचायत गेली, महानगरपालिका आली, तरी हे पद काही रद्द झालं नाही. आमच्या आप्पांनी रेडिओपासून सुरुवात केली. १९७२ साली मुंबई दूरदर्शन आलं आणि पुढे गावात टीव्ही आले, तेव्हा ते कौलांवर चढून अँटेना फिरवायचे. कंप्युटर आला तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. त्यांनी त्यालाही रेडिओच समजून घेतलं: मागचं झाकण काढायचं आणि आत बघत बसायचं.

आप्पा पैसे घेत नाहीत. खरी अडचण ती हीच. पैसे घेणाऱ्याला "पुरे, ठेवा आता" म्हणता येतं. फुकट झटणाऱ्या माणसाला रात्री साडेअकरा वाजता कसं उठवणार? तो आपल्या मशीनचे अवयव जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडून बसलेला असतो, आणि त्याच वर्तमानपत्रावर आपल्याला जेवायचं ताट ठेवायचं असतं.

त्यांना काहीच येत नाही असं मात्र म्हणू नका. आमच्याकडे समुद्र जवळ आणि मिठागरं त्याहून जवळ. खारा वारा खिडकीचे गज खातो, सायकलची चेन खातो, मग कंप्युटरला का सोडेल? एकदा माझं मशीन सुरू होईना. पडदा काळा, आणि आतून लांबलचक पिपाणी पुन्हा पुन्हा. आप्पा म्हणाले, "रॅम." मग म्हणाले, "पोराच्या दप्तरातला खोडरबर आण." रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर त्यांनी रबर असा फिरवला, जणू कुणाचा चुकलेला पाढा खोडताहेत. फुंकर मारली, पट्टी खटकन बसवली, आणि मशीन सुरू! दातांवर बसलेला मळाचा पातळ थर रबरानं निघतो, एवढाच त्यातला चमत्कार. पण त्या दिवसापासून आप्पांचा रबरावर जो विश्वास बसला, तो पुढे प्रिंटरला, माउसला आणि एकदा तर गीझरलाही भोगावा लागला.

आता बँकेच्या साइटचं प्रकरण सांगतो, कारण ते तीन दिवस चाललं.

एका सकाळी बँकेची साइट उघडेना. पडद्यावर इशारा आला, कनेक्शन प्रायव्हेट नाही. आप्पांनी तो मोठ्यानं वाचला, आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, जरा दार लोटून घ्या." दार लोटलं. तरी साइट उघडेना. मग त्यांनी ब्राउझर काढला, दुसरा टाकला. तोही तेच म्हणाला. आप्पांच्या मते दोघे एकाच कंपनीचे असणार. दुपारी त्यांनी अँटिव्हायरस काढला. संध्याकाळी एक नवा अँटिव्हायरस टाकला, तो येताना आपल्याबरोबर हवामान सांगणारा एक पोपट घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या मंडळी (आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो) सुकेळी द्यायला आल्या. पडद्याकडे पाहून सहज म्हणाल्या, "अहो, ह्याच्या कोपऱ्यात एक जानेवारी कशी काय? आज तर एकादशी."

"त्याचा इथे काय संबंध?" आप्पा म्हणाले.

काकू सुकेळी ठेवून गेल्या. आप्पांनी विंडोज फॉरमॅट करायला घेतलं.

फॉरमॅट हा आप्पांचा शेवटचा उपाय नाही, आवडता उपाय आहे. त्यांच्याकडे एक सीडी आहे, तिच्यावर मार्करनं आकड्यांची लांब ओळ लिहिलेली. त्यातला एक आकडा आठ आहे की इंग्रजी बी, यावर दर वेळी अर्धा तास जातो. फॉरमॅट झालं. माझे फोटो गेले, मुलाचा प्रोजेक्ट गेला, मराठी फॉन्ट गेले आणि भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर उघडला तेव्हा गणपतीच्या नावापासून सगळं टिंबं-कंसांत दिसू लागलं. बँकेची साइट मात्र तसंच म्हणत राहिली, प्रायव्हेट नाही. आणि कोपऱ्यात पुन्हा एक जानेवारी.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता बेल वाजली. दारात आप्पा, डोळे तारवटलेले. "झोप नाही," म्हणाले. "सेल आहे, सेल!"

झालं होतं ते असं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक गोल सेल असतो, तीन व्होल्टचा, सीआर २०३२. मशीन बंद असताना तारीख-वेळ राखण्याचं काम त्याचं. आमचा सेल कधीच मेला होता. मुख्य बटण चालू राहिलं असतं तर घड्याळ तेवढ्या विजेवर चाललंही असतं. पण आप्पांनीच आम्हाला शिस्त लावली होती, विजा कडाडतात, रात्री प्लग काढून ठेवायचा. म्हणजे रोज रात्री आम्ही प्लग काढत होतो आणि रोज सकाळी मशीन कुठल्याशा जुन्या सालातल्या एक जानेवारीला जागं होत होतं. सुरक्षित साइटची जी ओळखपत्रं असतात त्यांना मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मशीन मागच्या काळात बसलेलं, त्याच्या हिशोबात बँकेचं ओळखपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. त्यानं बँकेला दारात उभं केलं नाही, यात त्याची काय चूक?

सेल आमच्याच वजनकाट्यात निघाला. साइट उघडली. काकूंनी हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं, याची आठवण कुणीही काढली नाही. वजनकाटा तेव्हापासून बंद आहे, त्यामुळे घरात एकूण समाधानच आहे.

मोबाइल आले आणि आप्पांचं राज्य आक्रसत गेलं. पहिले फोन बरे होते. नखानं मागचं झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, शर्टाला पुसायची, परत घालायची. हळूहळू बॅटरी आतच राहू लागली, झाकण डिंकानं चिकटू लागलं. स्क्रू नसलेली वस्तू आप्पांना अपमानासारखी वाटते. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, ती बातमी त्यांनी कापून टेस्टरच्याच खिशात ठेवली आहे. "दुरुस्ती हा हक्क आहे," ते म्हणतात. कुणाचा, ते सांगत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात नायगावला उतरताना माझा फोन भिजला. आप्पांनी तो हातात घेतला, कानाशी हलवला. "पाणी बोलतंय." गरम पाण्याची पिशवी मागवली, फोन तिच्यावर पालथा शेकला. बाजूच्या वाडीत चर्चच्या गायनात गिटार वाजवणारा एक मुलगा आहे, त्याची तार छेडायची चकती आणवली. डिंक सैल झाला तशी ती चकती कडेनं सरकवत सरकवत आप्पांनी फोन उघडला. लहान मुलांना बाहेर काढलं होतं, कारण बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणूनच तेवढ्यापुरता टेस्टर त्यांनी काकूंच्या हातात दिला होता. मी श्वास रोखून बघत होतो. सांगायला हरकत नाही, बघण्यासारखं होतं.

आत स्क्रू होते! पण भलत्याच खाचांचे. टेस्टर त्यांच्यावर नुसता गोल फिरला. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो उघडा फोन तसाच तांदळाच्या डब्यात ठेवला.

मी म्हटलं, "आप्पा, तांदूळ नका घालू असं अ‍ॅपलवालेच सांगतात, त्याचे कण आत जातात म्हणे."

"त्यांच्याकडे वाडा कोलम मिळतो का?" आप्पा म्हणाले.

चार दिवसांनी फोन बाहेर आला, झाकण दाबून बसवलं, वर रबरबँड. फोन ढिम्म. शेवटी आम्ही दोघं वसई रोडला स्टेशनाजवळच्या दुकानात गेलो. काउंटरवर विशीतला पोरगा. त्यानं फोन उलटा केला, रबरबँड काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल, आधी कुणी हात लावलाय का?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा हात खिशावर, टेस्टरच्या मुठीवर.

"नाही," आप्पा म्हणाले.

पोरानं झाकण उचललं, चिमटा आत घातला आणि तांदळाचा एक दाणा काढून काचेवर ठेवला.

आप्पा पुढे वाकले. चष्मा वर केला, दाणा नीट निरखला.

"हा आमचा नाही," म्हणाले. "आमचा बारीक असतो."