धातुकाका

सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी कुणाकडून तरी 'धातुकाका' हे नाव ऐकलं आणि माळ्यावरचं पितळी घंगाळ घेऊन त्या थेट काकांच्या दारात उभ्या राहिल्या. "किलोला काय भाव देता?" काकांनी घंगाळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बसा. मुळात 'घंगाळ' हा शब्दच बघा ना..." पाऊण तासाने बाई घंगाळासकट परत गेल्या. भाव त्यांना अजून कळलेला नाही.

काकांचा धातू हा शब्दाच्या पोटातला. भंगाराशी त्यांचा संबंध नाही, निदान असं ते म्हणतात. काकूंचं मत वेगळं आहे, कारण बेडरूमचं अर्धं कपाट मोल्सवर्थ, कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आणि कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजूंवर केलेल्या टिपणांनी भरलेलं आहे. त्यामुळे काकूंच्या साड्या दिवाणात राहतात.

असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. आपण भूक लागली म्हणून वडापाव घेतो आणि हा शेजारी उभा राहून सांगतो, "बटाटा पोर्तुगीज. पाव पोर्तुगीज. मिरचीही त्यांनीच आणली. आता ह्यात आपलं काय उरलं?" आपण गार झालेल्या वड्याकडे बघत म्हणतो, "काय?" तर म्हणे, "बेसन आणि भूक."

काकांचं प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून सुरू होतं. त्यांनी 'मुळात' म्हटलं की काकू गॅस बारीक करतात.

मुलगा आइंडहोवनला असतो, म्हणून दोघं एकदा डिसेंबरात तिकडे गेली. नाताळच्या दिवशी मुलाच्या सहकाऱ्याने जेवायला बोलावलं. दोघं शाकाहारी, तेव्हा उकडलेले बटाटे आणि कोबी समोर ठेवून शहाण्यासारखी बसली होती. इतक्यात यजमान भला थोरला भाजलेला पक्षी घेऊन आले. काकूंनी खिडकीबाहेरचा बर्फ बघायला घेतला. काकांनी विचारलं, "तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?"

"काल्कून."

काकांनी काटा खाली ठेवला. "काल्कून म्हणजे कालिकत! आमचं कालिकत!"

झालं. मग त्या टेबलावर सगळा युरोप मांडला गेला. डेन्मार्क, स्वीडनसुद्धा ह्याला कालिकतचाच समजतात. फ्रेंच लोक 'दँद' म्हणतात, म्हणजे इंडियाची, आणि पोलंडमध्ये तो 'इंदिक'. इंग्रजांकडे आधी आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून यायची, तिला ते टर्की म्हणत. तेच नाव त्यांनी ह्याला चिकटवून टाकलं. आता तुर्कांना तरी विचारावं, तर तुर्क म्हणतात 'हिंदी'! स्पॅनिश लोकांनी सरळ मोराचं नाव, पावो, ह्याला दिलं आणि मग खऱ्या मोराला 'राजेशाही पावो' म्हणायची पाळी आली. आणि हा प्राणी मुळात कुठला? मेक्सिकोचा! सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी तो युरोपात आणला. कोलंबसाने अमेरिकेला इंडिया समजायचा घोटाळा केला, त्याचं बिल हा पक्षी अजून भरतोय. बिचाऱ्याचं गाव मेक्सिको, तेवढं सोडून बाकी सगळी गावं त्याच्या नावावर!

यजमान सुरी हातात घेऊन तसेच उभे होते. सुनेने टेबलाखालून मुलाला पाय मारला, तो काकूंना लागला.

पुढे सगळे लिस्बनला गेले. चार दिवस ब्रेड आणि सूप खाऊन काकू कंटाळल्या होत्या. तिथल्या एका हॉटेलात मेन्यू वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलला. "अगं बाई, इथे पेरू मिळतो!" आणि त्यांनी वेटरला बोट दाखवलं.

पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे तोच पक्षी. ह्या खेपेला त्याला पेरू देशाचा करून टाकलेला. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. "ते मांस आहे" एवढे तीन शब्द पुरे होते. पण काका म्हणाले, "मुळात..." आणि आपल्या फळाकडे वळले. पोर्तुगीजमध्ये पेराला 'पेरा' म्हणतात, कोकणीत आपल्या पेरूला 'पेर', गोव्यात त्याची वडी ती 'पेराद', आता आपला पेरू ह्या पेरावरून आला की त्या देशावरून, ह्याबद्दल दोन पक्ष आहेत... पहिल्या पक्षाची बाजू संपत आली तेव्हा बशी आली.

"हा कसला पेरू?"

"तेच तर सांगत होतो!"

काकू त्या दिवशी नुसता पाव खाऊन उठल्या. काकांनी तोंड उघडलं, तेव्हा म्हणाल्या, "ह्याचं मूळ सांगायचं नाही."

खरं सांगायचं तर मला काकांचा राग फार वेळ धरता येत नाही. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गावाकडचा एखादा शब्द बोलून गेल्या तर काका तो लगेच टिपून घेतात आणि पुढे मावशींचं नाव घालतात. मोल्सवर्थचा हवाला आणि मावशींचा हवाला त्यांच्या कागदावर एकाच अक्षरात, एकाच शाईने असतो. मावशी हल्ली मुद्दाम आठवून शब्द आणतात.

परवा रात्री साडेदहाला त्यांनी आमची बेल वाजवली. मी घाबरून दार उघडलं. "1612!" काका म्हणाले. "मुकर्रबखानाने गोव्याहून हा पक्षी जहांगीरकडे नेला. बादशहाने वर्णन लिहून ठेवलंय, चित्र काढायला लावलंय. मन्सूरने काढलेलं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आणि बादशहा काय लिहितो? की ह्या प्राण्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती! अहो, निम्मा युरोप ज्याला इंडियाचा म्हणतो, त्याचं नाव इंडियाच्या बादशहाला माहीत नाही!" मी आत या म्हटलं, तर म्हणाले, "नको, काकू झोपलीय," आणि जिना उतरून गेले.

इतकी नावं पाठ, पण हा पक्षी काकांनी जिवंत कधी पाहिलाच नव्हता. शेवटी मुळशीकडे एकाने टर्की पाळलेत असं कळलं, तेव्हा मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. जाळीच्या आत एक नर पिसारा फुलवून, गळ्याखालचं लाल लोंबतं हलवत येरझाऱ्या घालत होता. काका हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"घ्यायचाय का, काका?" मालकाने विचारलं.

"नाही, भेटायला आलोय. तुम्ही काय म्हणता ह्याला?"

"आम्ही? सरपंच."

काकांनी खिशातून कॅलेंडरचा कागद काढला. "कुठला शब्द हा? म्हणजे मुळात?"

मालकाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या गावचा नाही हां. पलीकडच्या."