पहिलीचा पहिला धडा: शासन निर्णय

१६ जून २०२५. विदर्भ सोडून राज्यभर शाळांची घंटा वाजली. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, पहिलीच्या पोरांच्या हातात गुलाबाचे फूल, कुठे बैलगाडीतून मिरवणूक, कुठे रंगात पाय बुडवून कागदावर उमटवलेली पावले. आई दाराबाहेर डोळे टिपत उभी आणि पोराने आत भोकाड पसरलेले. गुरुजींनी खडू उचलला. फळ्यावर 'अ' काढणार, तोच खिशातला फोन थरथरला. गटात परिपत्रक येऊन पडले होते. यंदाचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू झाला.

सुरुवात भाषेपासून. १६ एप्रिलला, पोरे मामाच्या गावाला निघायच्या बेतात असताना, शासनाने ठरवले होते की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. ओरड झाली. मग १७ जूनला, म्हणजे तोरणाची पाने सुकायच्या आत, सुधारित निर्णय निघाला. 'अनिवार्य' हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द येऊन बसला. आठ अक्षरे, त्यात एक जोडाक्षर, आणि अर्थ विचारायला मंत्रालयाचा सहावा मजला गाठायचा. ज्या पोराला अजून 'घर' आणि 'घार' यांतला काना सापडत नव्हता, त्याच्या भाषिक जीवनाचा फैसला या शब्दावर होणार होता.

या निर्णयात गणितही होते. हिंदी नको, दुसरी भारतीय भाषा हवी असेल, तर इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवावी, अशी अट. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. तेव्हा सोडवा: एका वाडीच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १४ मुले आहेत. पहिलीत त्यांतली तीन. त्यांपैकी २० जणांना कन्नड शिकायची असेल, तर उरलेली १७ कोठून आणावीत? हातचा घेऊन करा.

उत्तर सापडायच्या आधीच गणित रद्द झाले. हिंदी सक्तीविरुद्ध ५ जुलैचा मोर्चा ठरला होता. त्याआधी, २९ जूनला, मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोर्चाचा विजयी मेळावा झाला. वरळीला उद्धव आणि राज एका व्यासपीठावर आले. पहिलीच्या पोरांना अक्षराला अक्षर जोडता येण्याआधी ठाकऱ्यांना ठाकरे जोडले गेले. १६ एप्रिल ते २९ जून, एकूण ७४ दिवस. एवढ्या दिवसांत तिसरी भाषा आली, मऊ झाली आणि गेली. वर्गात तिचे एक अक्षरही कोणी गिरवले नाही.

याच जूनमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून प्राथमिक स्वरूपाच्या लष्करी प्रशिक्षणाची घोषणा केली. माजी सैनिक येऊन मुलांना शिस्त आणि कवायत शिकवणार. मधल्या सुट्टीत हात धुवायच्या नळापाशी पहिलीचा वर्ग काय करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला काळजी त्या सैनिकांची वाटेल.

शासनाचे सर्वांत प्रामाणिक पाठ्यपुस्तक मात्र यंदा हातून गेले. २०२३-२४ पासून दोन वर्षे दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पाने शिवलेली होती. वर शीर्षक छापलेले: 'माझी नोंद'. खाली काही नाही. दप्तराचे ओझे कमी व्हावे, वेगळी वही लागू नये, असा हेतू. झाले असे की पुस्तक जाड झाले आणि वही काही सुटली नाही, कारण दुसरीतल्या मुलाचे एक अक्षर तीन ओळींत मावते आणि एक बेरीज अर्ध्या पानात. 'माझी नोंद'वर मग खरोखरच त्याची नोंद झाली: एक विमान, शेजारच्या पोराचे शिंगवाले चित्र, डब्यातल्या लोणच्याच्या तेलाचा पिवळा डाग. ताईचे पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्याला देण्याची घराघरांतली रीतही त्या डागाबरोबर बुडाली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हा प्रयोग बंद केला. पुस्तकांत आता फक्त छापील मजकूर आहे. ज्याच्यावर कोणालाच आक्षेप घेता येत नव्हता, तेवढाच भाग वगळला गेला.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट गेली. पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडे मिळू लागले होते. जो अंडे खात नाही, त्याला केळे. 'अं' अंड्याचा, हे पुस्तकात पाहिलेले अक्षर ताटात सोलून खायला मिळे, मिठाचे दोन दाणे लावून. जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला. अंडी आणि साखर लोकसहभागातून मिळवावी, असे सुचवण्यात आले. 'लोकसहभाग' हा शब्द मुले परिसर अभ्यासात शिकत नाहीत, तरी त्यांना तो कळतो. गावात वर्गणी मागायला आपलेच बाबा पुढे आणि द्यायलाही आपलेच बाबा.

कार्यानुभवात गणवेश येतो. 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना २०२४-२५ मध्ये जोरात निघाली. कापड एकीकडून, शिलाई महिला बचत गटांकडून, वाटप शाळेत. १५ ऑगस्टचे झेंडावंदन अनेक शाळांत जुन्याच कपड्यांत झाले. आले ते कुठे ढगळ, कुठे आखूड. राज्य एक करता आले, पोरे एका मापाची करता आली नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. म्हणजे जिथे मुलाची उंची डोळ्यांनी दिसते, तिथे.

आता उरले गुरुजी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. कलम वाचताना वाटते, तीनच तर अपवाद. पण मतदार यादीचे काम वर्षभर पुरते. त्यात 'अपार' ओळखपत्रासाठी मुलाचे आधारवरचे नाव आणि हजेरीपटावरचे नाव जुळवायचे. आधारवर 'सुरज', पटावर 'सूरज'. एका ऊकारासाठी बापाची मजुरी बुडते आणि गुरुजींचा तास. ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व इतक्या ठसठशीतपणे बालभारतीलाही कधी शिकवता आले नव्हते.

त्यात भर म्हणजे गुरुजीच आता परीक्षार्थी झाले. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी आहे, त्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावे. वीस-पंचवीस वर्षे मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारलेला माणूस रात्री बालमानसशास्त्राचे गाईड उघडून बसला. मुलगी विचारते, "बाबा, तुम्हाला कितवीची परीक्षा आहे?" ५ डिसेंबरला राज्यातल्या अनेक शाळा आंदोलनामुळे बंद राहिल्या. त्या दिवशी मुलांना सुट्टी होती, हा त्यांना सत्रातला सर्वांत सोपा धडा वाटला असावा.

मुलांनी शिकायचे काय होते? फार नाही. केंद्राची 'निपुण भारत' मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि सोपी आकडेमोड यावी, एवढेच तिचे म्हणणे. मुदत २०२६-२७.

ज्या जानेवारीत कोरी पाने गेली आणि अंडे गेले, त्याच जानेवारीत 'असर २०२४' हा अहवाल आला. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या १०० मुलांपैकी ४४.८ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीत हेच प्रमाण २३.४. वाचायला दिली होती ती एक छोटी, सोपी गोष्ट. तिच्यात 'सर्वसाधारणपणे' हा शब्द नव्हता.