सहलप्रमुख

एप्रिलअखेर पोरांच्या परीक्षा संपल्या आणि नगरचा पारा चाळिशीपार गेला, की सावेडीतल्या दर कॉलनीत एकजण सहलप्रमुख होतो. त्याला कोणी निवडलेलं नसतं. एरवी हा भला माणूस बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत मान खाली घालून नोकरी करतो. पण मे लागला की त्याच्या अंगात जिम कॉर्बेट संचारतो. ‘यंदा उत्तरेला,’ असं तो जाहीर करतो. मेहुण्याला वाटतं मनाली, सासूबाईंना वाटतं बद्रीनाथ. सहलप्रमुखाच्या मनात असतो जिल्ह्याचाच उत्तर कोपरा, अकोले तालुक्यातला भंडारदरा. मासेमारी आणि वन्यप्राणी, दोन्ही एकाच पेट्रोलमध्ये.

तयारी महिनाभर चालते. घडीचा गळ ऑनलाइन येतो, दुर्बीण साडूकडून येते. कापडबाजारातून नऊ खिशांचं हिरव्या ठिपक्यांचं जाकीट येतं, कारण ‘प्राण्यांना आपण दिसता कामा नये.’ मे महिन्यात सह्याद्रीचे डोंगर करडे-पिवळे पडलेले असतात. त्या उघड्या उतारावर हिरवंगार जाकीट घातलेला माणूस कळसूबाईच्या शिखरावरूनही ओळखू यावा. आणि ते शिखर १६४६ मीटरवर, राज्यात सर्वांत उंच आहे.

गाडी पहाटे पाचला निघायची ठरते आणि साडेआठला निघते. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर असा रस्ता. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस. काचा वर, एसी चालू, आणि पुढच्या सीटवरून सहलप्रमुखाचं व्याख्यान: ‘कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ ३६१ चौरस किलोमीटर. नशीब असेल तर बिबट्या दिसेल.’

बिबट्याचं घर तो ताशी ऐंशीच्या वेगाने मागे टाकत असतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अकोले तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस निघाले. तेही अभयारण्यात नाही, चांगल्या दाट वस्तीच्या शेतशिवारात. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात मोठा वाटा पाळीव जनावरांचा, आणि त्यातही कुत्र्यांचा. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडल्याच्या बातम्या तर दर हंगामात येतात.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सहलप्रमुखापेक्षा जास्त हिंडलेला. विहिरीतून काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून २००९ मध्ये त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून सव्वाशेएक किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. ना बुकिंग, ना जाकीट. पुढे २०१४ साली त्याच्यावर सिनेमाही आला.

भंडारदऱ्याच्या शेंडी गावात उतरल्या उतरल्या सहलप्रमुख धरणाकडे धाव घेतो. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. उंची २७० फूट, साठा अकरा टीएमसी. हे सगळं त्याला पाठ असतं. पाठ नसतं ते एवढंच, की मे महिन्यात हा साठा जाग्यावर नसतो. आवर्तनं सुटत सुटत पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शिवारात गेलेलं असतं, म्हणजे सकाळी मागे टाकलेल्या त्याच उसात. बिबट्याचं घर याच पाण्यावर उभं आहे. इथे काठाला उरतो भेगाळलेला गाळ, आणि त्यात घोट्यापर्यंत रुतलेला सहलप्रमुख.

‘काका, पाणी लई खाली गेलंय,’ काठावरचा पोरगा सांगतो.

‘मला शिकवू नकोस,’ असं म्हणून काका गळ भिरकावतात. पहिल्या फेकीत गळ मेहुण्याच्या टोपीत अडकतो, दुसऱ्या फेकीत स्वतःच्या सातव्या खिशात. जलाशयातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते, तेव्हा आधी विचारावं लागतं, हे कोणीतरी सुचवतं. त्यावर ‘नियम मला माहीत आहेत’ एवढंच उत्तर मिळतं. तासाभरात तो पोरगा साध्या दोऱ्याला कणकेची गोळी लावून चार चिलाप्या काढतो. सहलप्रमुख त्या विकत घेतो, पण आधी हातात धरून फोटो काढतो, मग पैसे देतो. फोटोखाली ‘सह्याद्रीचा अस्सल मासा’ असं लिहून तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो. चिलापी मूळची आफ्रिकेची.

वन्यप्राणी पाहण्याचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी, रतनवाडीच्या वाटेवर. सहलप्रमुख ‘शांतता!’ असं इतक्या मोठ्याने ओरडतो, की वानरं फांद्या बदलतात. सर्पगरुड काय खातो हे तो दुर्बीण पुसत पुसत समजावत असतो, तेव्हाच आठवीतली लेक शेजारच्या झाडावर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाहून मोकळी होते. बायको दोन मोर, एक मुंगूस आणि सापाची कात पाहते, पण काही बोलत नाही. तिला पाच वाजता चहा हवा असतो.

खरी गंमत रात्री. मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकतात. ते चमकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची. बाहेरचा उजेड पडला की ती साद पोचतच नाही. म्हणून वनखातं रात्री गाड्यांना वेळेची मर्यादा घालतं आणि झाडांजवळ दिवे लावू देत नाही. सहलप्रमुख मात्र काजवे ‘नीट दिसावेत’ म्हणून त्यांच्यावर विजेरी मारतो. झाड क्षणात विझतं. ‘आज कमीच आहेत,’ तो म्हणतो, आणि मागच्या चार गाड्यांतले चार सहलप्रमुख आपापल्या विजेऱ्या मारून त्याला दुजोरा देतात.

परतीच्या वाटेवर राजूरला पेढ्यांसाठी गाडी थांबते, आणि सगळ्या सहलीत हा एकच कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडतो.

यंदा भंडारदऱ्याला जाणार असाल, तर आपल्या घरचा सहलप्रमुख जरूर सोबत न्या. हौशी माणूस आहे, वाईट नाही. फक्त अंधार पडण्याआधी गाडीची किल्ली, विजेरी आणि मोबाइल त्याच्याकडून काढून घ्या, आणि त्याला लेकीच्या मागे चालायला लावा.