वीस अंशांची भेग

फ्लॅटच्या करारनाम्यांत हल्ली एक कलम हटकून सापडतं. तापमानात 20 अंश सेल्सिअसहून जास्त फरक पडल्यानं भिंतींना येणाऱ्या बारीक चिरा ही नेहमीची झीज समजावी, बांधकामातला दोष समजू नये. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला दोष बिल्डरनं 30 दिवसांत, वर एक पैसा न घेता दुरुस्त करावा, असं रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं. करारनाम्यातलं ते कलम हा त्यावरचा उतारा. कायद्यानं दोष बिल्डरच्या गळ्यात घातला, बिल्डरनं तो काढून सूर्याच्या घातला. सूर्यावर तक्रार दाखल करण्याची सोय अजून झालेली नाही.

पण 20 अंशांचा फरक नेमका कशाकशातला? पहाट आणि दुपार यांतला, की पौष आणि वैशाख यांतला? कलम गप्प आहे. मुंबईत ऐन पावसाळ्यात दिवसरात्रीत पाचेक अंशांचाच फरक असतो, म्हणजे जुलैत पडलेली भेग बिल्डरची धरायची का? पुण्यात फेब्रुवारीत पहाटे 12 आणि दुपारी 32 झाले, तर फरक बरोबर 20, ‘20हून जास्त’ नव्हे. ती भेग कुणाच्या खात्यावर? तेव्हा सोसायट्यांनी गेटवर थर्मामीटर टांगावा, वॉचमननं गाड्यांच्या नंबरांशेजारी दर तासाला पारा लिहावा, आणि भिंत तडकल्याचा आवाज येताच सदस्यानं सेक्रेटरींना झोपेतून उठवून त्या नोंदीवर सही घ्यावी. नागपूरकरांनी तर मे महिन्यात एसी लावूच नये. बाहेर 45, आत 24, फरक 21. म्हणजे भिंत तुम्हीच फोडलीत, तीही रिमोटनं! एसीचा पॉइंट बिल्डरनंच काढून दिलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

यावर साइट इंजिनिअर म्हणेल, काँक्रीट तापलं की प्रसरण पावतंच. पावतं ना. 20 अंशांना 3 मीटरमागे साधारण 0.6 मिलिमीटर. पण हे गणित इमारत उभी राहण्याआधीचं आहे. इमारत 45 मीटरहून लांब असेल तर एक्स्पान्शन जॉइंट ठेवा, असं आयएस 456 हे मानक सांगतं. भारतात ऊन पडतं ही खबर ते लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलेली होती. प्लास्टर सुकतानाही बारीक चिरा पडतात, हेही कबूल. मात्र कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरून सरळ खाली उतरलेली चीर पाहिली, की थर्मामीटरआधी चिकन मेश, म्हणजे तारेची जाळी, आठवते. ती सांध्यावर ठोकायची असते. प्लास्टरवर काही दिवस नेमानं पाणी मारायचं असतं. जाळी वाचली, पाणी वाचलं, मजुरी वाचली, आणि दोषी कोण, तर हवामान!

‘वाचून सही केलीत ना?’ हा शेवटचा हुकमी सवाल. केली. बुकिंगची रक्कम भरून झाल्यावर जाडजूड मसुदा पुढ्यात येतो, त्यातला एक स्वल्पविराम हलवायला गेलात तर ‘फॉरमॅट फिक्स आहे’ असं ऐकवतात. अशा सहीला संमती म्हणायला जीभ धजावते कशी? त्याच मसुद्यात खरेदीदाराचा हप्ता चुकला तर व्याज आहे. तिथे मात्र ऊन नाही, पाऊस नाही, 20 अंशांची सूट नाही. असायला काय हरकत होती? उन्हानं भिंत तडकते, तर पगारही आटत असेल. ही सूट पुढच्या मसुद्यात घाला, मग आमच्या भेगांचं खापर खुशाल सूर्यावर फोडा.