लाल रेघेच्या पुढची डबल ट्रॉली

गळीत हंगाम लागला की कोल्हापूर-सांगली रस्त्यावर हातकणंगल्याच्या आसपास मोबाईलच्या नकाशातली रेघ लाल होते. आपण ती बघतो, कपाळाला हात लावतो आणि गाडी आडरस्त्याला घालतो. तिथंही समोरून उसाचाच ट्रॅक्टर येतो.

ही रेघ येते रस्त्यावरच्या मोबाईलच्या वेगावरून. 2020 साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकारानं हातगाडीत 99 फोन घातले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती गाडी सावकाश ओढत नेली. गूगलच्या नकाशात तो रस्ता लाल झाला! नकाशाला वेग कळतो. तो का मंदावला, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

आपल्याकडं ते शेंबडं पोरही सांगेल. पुढं डबल ट्रॉली असते. मोळ्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेल्या, मागचा दिवा चिखलानं माखलेला, चढाला ट्रॅक्टर रडतोय. त्याच्यामागं एसटी, इचलकरंजीचा सुताचा ट्रक, शाळेची बस. दुचाकीवाला ओव्हरटेकसाठी बाहेर डोकावतो, तोच समोरून रिकामी ट्रॉली आदळत-आपटत येते. यात माणसं जातात. मग रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो छापून येतात. रिफ्लेक्टर हवेतच, पण त्यानं ट्रॉलीची वेळ बदलत नाही.

वेळ बदलता येते. हुपरीचा जवाहर, नरंदेचा शरद, दोन्ही साखर कारखाने हातकणंगले तालुक्यातलेच. कुठल्या गावात किती ऊस उभा आहे, तोड कधी, हे कारखान्याच्या शेती खात्याला ठाऊक असतं. फडात कारखान्याचा माणूस, म्हणजे चिटबॉय, चिठ्ठी फाडतो तेव्हा वाहनाची नोंद होते, काट्यावर वेळ पडते. ही माहिती नकाशावर घाला. तिच्यावर शाळा सुटायच्या वेळा, बाजाराचा दिवस, एसटीच्या फेऱ्या चढवा. कुठल्या फाट्यावर किती वाजता सगळं एकमेकांच्या अंगावर येतं, ते डोळ्यांना दिसेल.

कारखान्याचा यार्ड तुंबलेला असेल, तर फडातली गाडी उशिरा भरावी. शाळेच्या वेळेला भरल्या ट्रॉल्या फाट्याच्या आतच थांबवाव्यात. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे, कारण यार्डात नंबर लागेपर्यंत ऊस वाळतो आणि वजन घटतं ते त्याचंच. कोलकाता, हैदराबादमध्ये नकाशातल्या माहितीवरून सिग्नलच्या वेळा सुधारून पाहिल्या गेल्या. आमच्या रहदारीचा खरा सिग्नल म्हणजे उसाची तोडचिठ्ठी. ती कधी फाडायची, इथून सुरुवात करा. रस्ता रुंद व्हायचा तेव्हा होवो.

परवानगीचं कारण आता कुणी सांगू नये. नकाशे तयार करायला भारतीयांना आधी मंजुरी लागायची, ती अट केंद्रानं फेब्रुवारी 2021 मध्ये काढली. ओपनस्ट्रीटमॅपसारखा नकाशा फुकट आहे. शेतकऱ्याचं नाव नको, त्याचं बिल नको. गाव, वाहन आणि वेळ एवढं पुरे.

पुढच्या मोळीपूजनाआधी तहसीलदारांनी कारखान्यांचे शेती अधिकारी, पोलीस, एसटी आणि रस्त्याचं काम बघणारं खातं यांना एका टेबलाशी बसवावं. प्रत्येकानं आपली वही घेऊन यावं. वही न आणणाऱ्याला खुर्ची देऊ नये.