ओ कुणी द्यायची?

इंदुरात देवाचं नाव ऐकायला हल्ली पासेस लागतात. आषाढी आली की मराठी मंडळांत अभंगांच्या कार्यक्रमांची झुंबड उडते. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं मनोगत, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार, निवेदिकेचं चिंतन आणि उरलेल्या वेळात तुकाराम. मध्यंतरात पोहे. या शहरात पोह्यांशिवाय मोक्षही मिळत नसावा.

पण माझं भांडण पासेसशी नाही, पोह्यांशी तर मुळीच नाही. ऑक्टोपॅडशीही नाही. तो वाजला की एखादे काका ‘हे काय देवाचं गाणं?’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना थॉमस डॉर्सीची ओळख करून द्यायला हवी. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीताचा हा जनक. त्याआधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो चावट गाणी करायचा. १९२८ सालचं त्याचं एक तसलंच गाणं धडाक्यात खपलं. पुढे त्याने ब्लूजचा तोच ठेका देवाच्या गाण्यात आणला, तेव्हा कित्येक चर्चनी त्याला दाराबाहेर काढलं. आज तिथली परंपरा म्हणजे त्याचीच गाणी. सोवळं-ओवळं वाद्याला नसतं, काका.

ते कॅमेऱ्यालाही नसतं. जानेवारी १९७२ मध्ये गायिका अरिथा फ्रँकलिनने लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल गायलं. सोबत पाद्री जेम्स क्लीव्हलँड. रेकॉर्डिंग चालू, भगभगीत दिवे, दिग्दर्शक सिडनी पोलॅकची कॅमेरावाली फौज. (आधी चित्र आणि आवाज जुळेनात, मग बाईच कोर्टात गेल्या, चित्रपट बाहेर यायला २०१८ उजाडलं.) रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर आला होता, तो मागेच. आपल्याकडे असता तर पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, मांडीवर श्रीफळ घेऊन. म्हणजे धंदा होता, झगमगाट होता, बडी मंडळीही होती. तरी पाहताना अंगावर काटा येतो, कारण बाईंनी ओळ टाकली की अख्खं चर्च ती झेलतं. कुणी उठतं, कुणी ओरडतं, कुणी ढसाढसा रडतं. तिने हाक द्यायची, त्यांनी ओ द्यायची. देव आलाच तर या दोहोंच्या मधून येतो.

हे आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं नाही तर वारकरी कीर्तन पुढे सरकत नाही. इंदुरात नाना महाराज तराणेकरांना मानणाऱ्या घरांत टेंबेस्वामींची करुणात्रिपदी ही दत्तप्रार्थना म्हटली जाते. आजोबा एका पट्टीत, सूनबाई दुसऱ्या, नातू तिसऱ्याच. सुरांचा मेळ दत्तगुरूंवर सोडलेला. पण म्हणतात सगळे.

ओ मोठ्यानेच द्यावी लागते असंही नाही. इथून तासाभराच्या अंतरावर, देवासला, क्षयाने एक फुप्फुस नेलेल्या कुमार गंधर्वांनी नाथपंथी जोग्यांकडून कानावर पडलेली निर्गुणी भजनं मैफलीत आणली. तिथे ना गजर, ना झेलकरी. समोरच्याने फक्त पूर्ण गप्प बसायचं. तीही ओच.

आता घरी त्रिपदीला डोळे मिटणारी हीच मंडळी सभागृहात पाहा. ना धड तोंड उघडतात, ना धड गप्प बसतात. वारीच्या अभंगाला मोबाइल उंचावलेले. विठ्ठल थेट स्टेटसवर, मधे हृदयाचा थांबा नाही. शेजारच्या वहिनींनी चुकून ओळ गुणगुणली तर पुढचे मान वळवून असे बघतात, जणू त्यांनी सभागृहात कांदा चिरला. गाणं संपलं की कडकडून टाळ्या. म्हणजे पैसे वसूल, देवाचा विषय संपला.

मग गायक घामाघूम होऊन माइक आपल्याकडे वळवतो, ‘म्हणा!’ म्हणतो. आपण ओरडतो, ‘वन्स मोअर!’

देवाला हाक मारायची, तीही गायकानेच. ओ द्यायची, तीही त्यानेच. पुढच्या वर्षी आयोजकांनी पत्रिकेत आणखी एक ओळ छापून टाकावी : ‘आपल्या वतीने तल्लीन होण्यासाठी प्रायोजक पाहिजेत.’