दहा इंची अंदाज

सावद्याला वजनाचं अप्रूप नाही. इथल्या स्टेशनातून रेल्वेने केळी थेट दिल्लीला जातात, आणि उभ्या घडाकडे पाहून किलोत अंदाज सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. हीच तयार नजर पिझ्झाचं खोकं उघडलं की फितूर होते.

‘दोनच तुकडे खाल्ले’ ही कबुली ऐकून डोळे मिटून विश्वास ठेवावा लागतो. तुकडे सहा पाडायचे की आठ, हे मात्र सुरीवाल्याच्या मर्जीवर. गणित तर शाळेतलंच आहे: सात इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस इंच, दहा इंचीचं ७८. तीन इंचांत पिझ्झा दुप्पट होतो. खाणारा मात्र ‘थोडा मोठा’ मागवल्याच्या समाधानात असतो. वर एक्स्ट्रा चीज. सोबत, पथ्य म्हणून, डाएट कोला!

सरकारी नियम आहे. दहा किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात. चौकातल्या एकट्या दुकानाला ही सक्ती नाही, त्यामुळे तिथला पिझ्झा कागदोपत्री तरी निरुपद्रवी.

ज्याला खरंच मोजायचंय त्याने पिझ्झा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा आणि ग्रॅमला अडीच-पावणेतीन कॅलरी धरावी. चारशे ग्रॅमचे हजार ते अकराशे होतात. खोक्याचं वजन वजा करायचं. दांडा वगळून माल किती, हे सावद्यात कुणाला शिकवावं लागत नाही.